सामान लादून लांबचा सायकल प्रवास: सामग्री निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबू, स्वयंपाक आणि कपडे असं सगळं स्वतःच्याच सायकलवर लादून दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत फिरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एका दिवसाच्या फेरीत वर्षानुवर्षं टिकणारे भाग ओझ्याखाली तिसऱ्या आठवड्यात दगा देतात. म्हणून इथली बहुतेक उत्तरं "सगळ्यात भारी काय" यापेक्षा "मोडलं तर काय" याला धरून आहेत.

एकूण वजन किती धरायचं?

पिशव्या आणि कॅरिअर धरून १५ ते २० किलो सामान बहुतेकांना झेपतं. यातले पाचेक किलो नुसत्या पिशव्या आणि कॅरिअरचेच असतात, हे यादी करताना हमखास विसरलं जातं. पाणी आणि शिधा वेगळा धरा: चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, दोन दिवसांचं कोरडं खाणं साधारण दोन किलो. ७५ किलोचा माणूस, १५ किलोची सायकल, १८ किलो सामान आणि ६ किलो पाणी-खाणं अशी बेरीज ११४ किलोंवर जाते. ती लिहून ठेवा, कारण चाकं, टायरमधली हवा, गिअर आणि ब्रेक हे सगळं त्याच आकड्यावरून ठरतं. सायकलच्या माहितीपत्रकातलं कमाल वजन सायकल धरून सांगितलंय की वगळून, तेही बघा.

घरात सायकल आहे. तीच चालेल का?

बऱ्याचदा चालते. टेप घेऊन बसा. पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या धुऱ्याच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर ४५० मि.मी.च्या आसपास असेल तर उत्तम. ४३० च्या खाली असेल तर मागच्या पॅनिअरला (कॅरिअरच्या बाजूला टांगायच्या पिशवीला) टाच घासणार, आणि पाय मोठा असेल तर नक्कीच. मग मागच्या ॲक्सलजवळ आणि सीटखाली ५ मि.मी. बोल्टचे आटे आहेत का ते पाहा. कॅरिअर आणि मडगार्ड दोन्ही लावायचे असतील तर दोन-दोन भोकं असलेली बरी. एका बोल्टवर दोन्ही बसतात, पण बोल्ट लांबतो आणि लवकर ढिला होतो. शेवटी, मडगार्डसकट किमान ४० मि.मी. टायर मावतोय का ते तपासा.

रबरी अस्तराच्या क्लिपा वापरून भोकं नसलेल्या फ्रेमवरही कॅरिअर बसतं, पण ८-१० किलोंपर्यंतच. कार्बनच्या नळीला अशी क्लिप आवळू नका.

फ्रेम स्टीलची की ॲल्युमिनियमची?

दोन्ही चालतात. "स्टील कुठेही वेल्ड होतं" हे अर्धसत्य आहे. चांगल्या क्रोमोली (सायकलींसाठीचं मजबूत मिश्र पोलाद) नळीची भिंत मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि जाड लोखंडाची सवय असलेला वेल्डर तिला सहज भोक पाडतो. स्टीलचा खरा फायदा असा की बहुधा आधी चीर दिसते, आवाज येतो आणि मग ते तुटतं. तेवढ्यात तुम्ही गावात पोचलेले असता.

सगळे चाकांवरच एवढा जोर का देतात?

कारण लादलेली सायकल रस्त्यात थांबते ती बहुतेक वेळा मागच्या चाकामुळे. स्पोक एका धक्क्यात तुटत नाही, तो थकून तुटतो, तेही हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) जिथे वाकलेला असतो तिथे. चाक फिरताना जमिनीकडे येणाऱ्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो. मुळातच ताण कमी असेल तर स्पोक पूर्ण सैल पडतो आणि ते वळण दर फेरीला थोडंथोडं हलतं. तार पुढेमागे वाकवून तोडतो तसाच हा प्रकार, फक्त हजारो किलोमीटरांवर पसरलेला. म्हणजे स्पोक कमी ताणलेला असल्याने तुटतो. "जरा सैल ठेवा, लवचिक राहील" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मागे कॅसेटला (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला) जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक उभट आणि घट्ट, तर डावीकडचे तिरके आणि बरेच सैल असतात. म्हणून मागचं चाक ३६ स्पोकांचं घ्या. माणूस आणि सामान दोन्ही हलकं असेल तर ३२ चालतील. स्पोक टोकांना २ मि.मी. आणि मध्ये १.८ मि.मी. जाडीचे हवेत. मधला पातळ भाग ताण झेलतो आणि वळण वाचतं. निपल (स्पोक रिमपाशी आवळणारे छोटे नट) पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे गंजून रिमला चिकटतात आणि पिळताना त्यांचं डोकंच निघून येतं.

चाक चांगलं बांधलंय का, हे कानाने कळतं. एका बाजूचे स्पोक नखाने एकामागून एक छेडा. सूर जवळपास एकच यायला हवा. मधूनच एखादा "ठप्प" वाजला तर चाक सरळ दिसत असूनही ताण असमान आहे. असं चाक निघण्याआधी पुन्हा ताणून घ्या आणि समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत घट्ट आवळून बसवून घ्या.

तरीही स्पोक तुटला तर?

तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, म्हणजे तो कॅसेटमध्ये अडकणार नाही. रिम ब्रेक असेल आणि चाक घासत असेल तर ब्रेक थोडा मोकळा करा. ३६ स्पोकांच्या चाकावर मुक्कामापर्यंत हळू जाता येतं.

बदलताना अडचण एकच असते: स्पोक बहुधा उजवीकडचा तुटतो आणि तो कॅसेट काढल्याशिवाय आत जात नाही. कॅसेटचा लॉकरिंग (तिला जागेवर धरणारं आट्यांचं कडं) काढायचा छोटा टूल मिळतो. तो फ्रेमला अडकवतात आणि पायडलच्या जोराने लॉकरिंग सुटतो. लांब पान्याची आणि चेन-व्हिपची (कॅसेट फिरू न देणाऱ्या हत्याराची) गरज राहत नाही. निपल शाबूत असेल तर टायरही काढावा लागत नाही. नवा स्पोक त्याच बाजूच्या एक सोडून पुढच्या स्पोकसारखा ओवा. कुणाच्या वरून आणि कुणाच्या खालून जातो, ते आधी नीट पाहून घ्या. मग शेजाऱ्यांच्या सुराला येईपर्यंत पाव-पाव फेरा आवळा. ब्रेकचं पॅड, किंवा फ्रेमला बांधलेला झिप-टाय, मोजपट्टीसारखा वापरा.

पुढचं चाक, मागची डावी आणि मागची उजवी बाजू यांच्या स्पोकांची लांबी वेगळी असते. प्रत्येकी दोन-तीन घ्या, निपलसकट, आणि चेनजवळच्या फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवा. दोरीचा तात्पुरता स्पोकही ठेवा, तो कॅसेट न काढता ओवता येतो. थोड्या दिवसांत तिसरा स्पोक तुटला तर एकेक बदलत बसू नका. बाकीचेही तेवढेच थकलेले असतात, चाक नव्या स्पोकांनी बांधून घ्या.

चाक २६ इंची की ७००सी?

टायरच्या बाजूवरचा मि.मी. आकडा बघा: ५५९ म्हणजे जुनं माउंटन बाइकचं २६ इंची, ६२२ म्हणजे ७००सी, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस. बुटक्या माणसाच्या लहान फ्रेमला ५५९ किंवा ५८४ नीट बसतं. बाकी ज्या भागात जाणार तिथे जे मिळतं ते घ्या, आणि एक घडीचा टायर सोबत ठेवा म्हणजे हा वाद मिटतो.

टायर किती रुंद, हवा किती?

डांबरी रस्त्याला ३५-४० मि.मी. पुरतो, खडी-मातीला ४५-५० घ्या. ११५ किलोंच्या बेरजेला ४२ मि.मी. टायर असेल तर मागे ६०-६५ आणि पुढे ४५-५० पीएसआयपासून सुरुवात करा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. खड्ड्यात ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडली तर हवा कमी होती. हात बधिर होत असतील आणि सायकल खडीवर उड्या मारत असेल तर जास्त आहे.

पंक्चरविरोधी थराचे टायर जड असतात, चढवायला अवघड असतात. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये हा रबरी थर ५ मि.मी. जाड आहे. ओझ्याच्या सायकलला, निदान मागच्या चाकाला, हे वजन वसूल होतं. अशा टायरला प्लॅस्टिकच्या तीन मजबूत लिव्हर लागतात. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा.

त्याच जागी पुन्हापुन्हा पंक्चर होत असेल तर टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाएवढी तार त्यात अडकेल. ती डोळ्याला दिसत नाही आणि बोटात घुसते. मागचा टायर आधी झिजतो. नवा आणल्यावर तो पुढे बसवा आणि पुढचा मागे घ्या, कारण पुढचा टायर उतारावर फुटला तर सावरणं अवघड जातं.

व्हॉल्व्हचंही पाहून ठेवा. मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हच्या रिमला बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मधे कडं टाकून चालते. उलटं करायचं तर रिम भोसकावी लागते.

ट्यूबलेस घ्यावं का?

काट्यांच्या मुलखात फायदा आहे. पण छिद्रं बुजवणारा आतला द्रव काही महिन्यांत सुकतो, आणि टायर एकदा रिमवरून सुटला की छोट्या पंपाने पुन्हा बसेलच असं नाही. घेतलंत तरी दोन ट्यूबा सोबत हव्यातच.

गिअर किती हलके हवेत?

दुकानात हलके वाटतात त्याहून हलके. हिशोब करून बघू. टायरसकट ७००सी चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. पुढे २४ आणि मागे ३४ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल १.५५ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ५.६ कि.मी. आता ११५ किलो आणि ८ टक्क्यांचा चढ. या वेगाला सुमारे १५५ वॅट लागतात, म्हणजे बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासभर चढू शकतो. तोच चढ रोड बाइकच्या ३४-३२ गिअरवर: एका फेरीत २.३ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ८.४ कि.मी., आणि लागतात २३० वॅट. ते जमत नाही म्हणून फेऱ्या ४० वर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो, आणि चौथ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो.

सगळ्यात हलक्या गिअरला पुढचे दात मागच्यापेक्षा कमी हवेत, हा साधा नियम. पुढे २२ किंवा २४ आणि मागे ३४ किंवा ३६. वरच्या टोकाला ४४-११ ची फारशी गरज नसते, उतारावर पाय थांबवून बसलात तरी चालतं.

बदल करताना दोन गोष्टी अडतात. एक, मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) क्षमता: पुढच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक यांची बेरीज तिच्यापेक्षा जास्त नको. ४४-२२ आणि ३४-११ ची बेरीज ४५ येते, म्हणजे लांब पिंजऱ्याचाच डिरेलर हवा. दोन, शिमानोमध्ये ९ गिअरपर्यंत रोडचा लिव्हर आणि माउंटन बाइकचा मागचा डिरेलर एकमेकांना जुळतात. १० पासून वायर ओढण्याचं प्रमाण बदललं, मग गिअर बसतच नाहीत.

हब गिअर, बेल्ट वगैरे?

हब गिअरमध्ये सगळे गिअर मागच्या हबच्या आतच असतात. रोलोफचा १४ गिअरचा हब ५२६ टक्क्यांचा पल्ला देतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर हलक्याच्या ५.२६ पट. ५००० कि.मी.ला तेल बदलायचं, आणि स्पोक दोन्हीकडे सारखे ताणता येतात. त्याची तक्रार क्वचितच येते, पण आली तर रस्त्यावरचा मेकॅनिक ते उघडणार नाही. डिरेलर आठवड्याला काहीतरी मागतो, पण कुठेही दुरुस्त होतो. बेल्टला (चेनऐवजी लावायच्या पट्ट्याला) मागची फ्रेम उघडता येणारी हवी, आणि सुटा बेल्ट सोबत न्यावा लागतो. काही महिन्यांच्या प्रवासाला आमचं मत साध्या ८ किंवा ९ गिअरच्या कॅसेटला.

चेन कधी बदलायची?

चेनच्या पिनेच्या कडेवर पट्टीचा शून्य ठेवा आणि पुढची चोवीसावी पिन बघा. नव्या चेनला तिची तीच कड ३०४.८ मि.मी.वर येते. ३०७ वर गेली की चेन बदला. ३०८ च्या पुढे जाऊ दिली तर कॅसेटचे दातही तिच्या मापाने झिजलेले असतात आणि नवी चेन घसरते. ११-१२ गिअरच्या चेनला ३०६ वरच थांबा. जोडकडीचे दोन संच आणि जुन्या चेनचे चार दुवे सोबत असू द्या.

ब्रेक कोणते?

तारेवरचे डिस्क किंवा व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे). दोन्हींची वायर कुठेही मिळते. व्ही-ब्रेकच्या रबरात रिमचे चकाकते कण अडकतात आणि रिम खरवडतात, ते टाचणीने काढत जा. रिमच्या कडेला पट्टी उभी धरून पाहा, मध्ये खोलगट उजेड दिसला तर रिम संपत आली. डिस्कच्या पॅडचे आकार शेकड्याने असतात, तेव्हा तुमच्या कॅलिपरला (पॅड धरणाऱ्या भागाला) बसणाऱ्या पॅडच्या दोन जोड्या न्याच. हायड्रॉलिक ब्रेक ताकदवान आहेत, पण त्यांचं तेल मिनरल की डॉट ते माहीत हवं. एकात दुसरं घातलं तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक बाद होतो.

लांब उतारावर ब्रेक सतत धरून राहू नका. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या.

कॅरिअर निवडताना काय बघायचं?

स्टील, तीन किंवा चार पायांचं, खालच्या टोकाला चपटा पत्रा नसून जाड कान असलेलं. कारखान्याने सांगितलेला आकडा सपाट रस्त्याचा समजा, आणि खडीवर त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर कॅलिपर कॅरिअरच्या पायाच्या आड येतो का, हे घेण्याआधी लावून बघा. मधे नळीचे स्पेसर घालून बोल्ट लांबवणं हा उपाय टाळाच. टोकाकडे सरकलेलं वजन बोल्टला वाकवतं.

तसं पाहिलं तर कॅरिअरपेक्षा बोल्टच जास्त तुटतात. आवळलेला बोल्ट कान आणि फ्रेम यांना एकमेकांवर दाबून धरतो, आणि भार त्या दाबातल्या घर्षणावर तोलला जातो. बोल्ट अर्धा फेरा ढिला झाला की कान हलायला लागतो, बोल्टवर दर खड्ड्याला कात्रीसारखा आडवा भार येतो आणि तो फ्रेमच्या कडेला साफ तुटतो. आत उरलेला तुकडा काढणं ही डोकेदुखी. म्हणून आट्यांवर निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, वायसर घाला, पहिल्या १०० कि.मी.नंतर सगळे बोल्ट आवळा आणि मग दर आठवड्याला. बोल्ट फ्रेमच्या आतल्या बाजूने बाहेर येत असेल तर तिथे लॉकनट लावा, पण आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर टाकून पाहा. नटाला घासत असेल तर नट नको. १२, १६ आणि २० मि.मी. लांबीचे दोन-दोन जादा बोल्ट ठेवा.

नळीच तुटली तर तंबूची खुंटी खपच्चीसारखी लावून दोन होज क्लॅम्पने आवळा. असं बांधलेलं कॅरिअर शेकडो किलोमीटर जातं.

पॅनिअर जलरोधक की कापडी?

तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी पावसात निर्धास्त. तोंड किमान तीन वेळा गुंडाळा. दोष असा की आत कप्पे नसतात आणि ओलं काही ठेवलं तर तेही तितकंच निर्धास्त कोंडतं. ओला तंबू बाहेरच बांधा. मागची जोडी ४० लिटर, पुढची २५ लिटर पुरते. त्याहून मोठी घेतलीत तर ती भरणारच.

हुक कॅरिअरच्या नळीच्या जाडीचा हवा. ढिला असेल तर पिशवी दर खड्ड्याला आपटते आणि हूकच नळी कापतो. सोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या त्यासाठीच असतात, त्या खोक्यासोबत फेकल्या जातात. खालचा हूक असा लावा की पिशवी पुढेमागे सरकणार नाही, आणि टाच मोकळी राहील इतकी ती मागे घ्या.

ओझं कुठे किती?

साधारण ६० टक्के मागे, ४० टक्के पुढे. जड वस्तू खाली आणि ॲक्सलजवळ: हत्यारं, शिधा, स्टोव्हचं इंधन. डावी-उजवी बाजू एका किलोच्या आत जुळवा. हँडलवरच्या पिशवीत तीन किलोंपेक्षा जास्त नको. सगळं मागेच लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि उतारावर सायकल शेपूट हलवते.

वेगात हँडल थरथरायला लागलं तर घट्ट धरू नका, त्याने ते वाढतं. दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या नळीला दाबा आणि हळूहळू वेग उतरवा. थांबल्यावर हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) ढिला आहे का, कॅरिअरच्या वर जड काही बांधलंय का, ते बघा.

पॅनिअरऐवजी ट्रेलर किंवा फ्रेमला बांधायच्या पिशव्या?

फ्रेम-पिशव्या दगडी पायवाटांना चांगल्या, पण तंबू, स्टोव्ह आणि थंडीचे कपडे त्यात मावत नाहीत. एकचाकी ट्रेलर कॅरिअरची सोय नसलेल्या सायकलला उपयोगी. मात्र त्याचं १६ इंची चाक, टायर आणि ट्यूब म्हणजे सुट्या भागांची आणखी एक यादी.

सीट आणि हँडलचं काय?

मऊ, जाड गादीची सीट पहिल्या तासाला सुखाची आणि पाचव्या तासाला छळाची. बसण्याच्या हाडांखाली आधार देईल एवढी रुंद आणि जरा कडक सीट घ्या. नवी सीट प्रवासाच्या पहिल्या दिवशी लावू नका. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेला नस दबतेय: हँडल थोडं वर घ्या आणि सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सरळ करा. हात ठेवायला तीन-चार जागा देणारं कोणतंही हँडल चालेल.

तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट?

एकट्यालाही दोन माणसांचा तंबू घ्या, पिशव्या आत येतात. दीड ते अडीच किलो, दुहेरी कापडाचा, खुंट्यांशिवाय उभा राहणारा. कारण दर वेळी मऊ जमीन मिळत नाही. तंबूखाली अंथरायचं कापड तंबूच्या तळापेक्षा लहान हवं. बाहेर डोकावलं तर पाऊस त्यावर गोळा होऊन खाली शिरतो. तंबूची सगळ्यात आधी चेन (झिप) बिघडते, काठ्या नंतर. धुळीने तिचा सरक झिजून फाकतो. पक्कडने त्याच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की तो पुन्हा दात पकडतो.

स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ नुसार दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं "कम्फर्ट" धरा. "लिमिट" म्हणजे अंग आकसून कशीबशी काढलेली रात्र. मॅटचा आर-आकडा (जमिनीची थंडी अडवण्याची क्षमता) उन्हाळ्याला २, शून्य अंशाच्या आसपास ३ ते ४ हवा. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते.

स्टोव्ह कोणता?

गॅसचा सोपा आणि स्वच्छ, पण डबा सगळीकडे मिळत नाही. साधं ब्युटेन शून्याच्या जवळ वायू व्हायचं थांबतं, त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश आहे. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपासपर्यंत साथ देतं. लांबच्या अनिश्चित मार्गाला पेट्रोलवर चालणारा बरा. त्याचं जेट काजळीने बुजतं, म्हणून साफ करायची सुई आणि पंपाची रबरी वायसर जादा ठेवा. केरोसिनला वेगळं जेट लागत असेल तर ते घ्या. आणि कुठलाही स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नका: आगीइतकीच भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे, त्याला वास नसतो.

पाणी किती, गाळणी कोणती?

फ्रेमवर तीन बाटल्या आणि चार लिटरची घडीची पिशवी. पोकळ तंतूंची गाळणी जीवाणू अडवते, विषाणू अडवत नाही. वस्तीच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर सोबत क्लोरीनची गोळी किंवा उकळणं हवं. अशी गाळणी एकदा ओली झाली की गोठू देऊ नका. तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंडीत ती झोपताना सोबत घ्या.

चार्जिंग?

डायनॅमो हब (चाक फिरताना वीज बनवणारा हब) ६ व्होल्ट, ३ वॅट देतो. फोनला पुरेसा करंट ताशी १५ कि.मी.च्या आसपास मिळू लागतो, चढावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून डायनॅमोने पॉवर बँक भरा आणि फोन तिच्यावर लावा. दोन-तीन दिवसांनी वीज मिळणार असेल तर डायनॅमो नकोच, २०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. ती ७४ वॅट-तास भरते, म्हणजे विमानाच्या हातसामानाच्या नेहमीच्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत.

हत्यारं कोणती?

सायकल समोर ठेवा आणि एकेका बोल्टला विचारा, तुला काय लागतं? बहुधा २.५ ते ६ च्या ॲलन की, एखादी ८ ची आणि टी-२५ (ताऱ्यासारख्या टोकाची की). शिवाय चेन तोडायचा टूल, तुमच्याच निपलच्या मापाची स्पोक-की, कॅसेटचा छोटा टूल, लिव्हर, पंप, दोन ट्यूबा, पॅच आणि ताजं सोल्युशन (उघडलेली नळी काही आठवड्यांत सुकते), टायर फाटल्यास आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. एक ब्रेकची आणि एक गिअरची वायर, होज क्लॅम्प, झिप-टाय, टेप. आणि डिरेलर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो छोटा तुकडा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, पडल्यावर वाकतो, आणि हातात नसेल तर टपालाने येईपर्यंत तुम्ही तिथेच. हे सगळं दीड किलोत बसतं.

स्टँड लावू का?

मध्यभागी आवळायचा नको, चेनजवळच्या नळ्या चेपतात. फ्रेमला त्यासाठी पत्रा जोडलेला असेल तरच.

कपडे किती?

गादीच्या चड्ड्या तीन, रोज एक धुवायची. बाकी दोन जोड, एक उबदार थर, एक पावसाळी जाकीट, एक जोडी कोरडे मोजे जे सायकलवर कधीच घालायचे नाहीत.

निघण्याआधी चाचणी कशी घ्यायची?

पूर्ण ओझ्यासह, पाण्यासकट, दोन दिवस आणि एक रात्र बाहेर. त्यात एक चढ असावा आणि जमलं तर पाऊस. आल्यावर बोल्ट, स्पोकांचा सूर, पिशव्यांनी घासलेल्या जागा, टायरची हवा तपासा. एक पंक्चर मुद्दाम काढा, चेन एकदा तोडून जोडा, कॅसेट एकदा उतरवा. हे पहिल्यांदा पावसात करायची वेळ येऊ नये.

सायकल विमानाने नेताना?

पुठ्ठ्याचं खोकं चालतं. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं: ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. काट्याच्या दोन टोकांमध्ये ठोकळा घाला. स्टोव्हची बाटली पेट्रोलचा वास येत असेल तर काढून घेतात, म्हणून साबणाने धुऊन उघडी सुकवा. हायड्रॉलिक डिस्क असतील तर चाक काढताच पॅडांमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. खोक्यात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग उतरल्यावर चाक बसवण्याआधी ते टायर-लिव्हरने हळूच मागे रेटावे लागतात.